चुना कोणता घालावा? आधी मातीला विचारा

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे जे प्रश्न आले त्यांत चुन्याचा प्रश्न वारंवार येतो. लातूरच्या एका भगिनी लिहितात, ‘अंगणातल्या लिंबाची पाने पिवळी पडली. दुकानदार म्हणतो चुना टाका. कळीचा टाकावा की विरलेला?’ नांदेडच्या एका वाचकाने मोबाईलवर पाहिले की बागेला दर वर्षी चुना द्यावा लागतो. ते विचारतात, ‘डोलोमाइट चांगले की साधी चुनखडी?’ कुणी घरातली अंड्यांची टरफले कुटून कुंड्यांत घालते आणि तेवढ्याने भागेल का असे विचारते.

सगळ्यांना आमचे उत्तर आधी थोडक्यात देतो. नांदेड आणि लातूरकडच्या घरबागेला बहुतेक ठिकाणी कोणताच चुना घालायचा नसतो. आपल्या मातीत तो आधीच आहे आणि बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त आहे. चुना ही आम्लधर्मी जमिनीची दवा आहे. ज्याला तो मर्जच नाही त्याला ती दवा दिली तर नवे दुखणे सुरू होते. असे का, आणि मग लिंबाच्या पिवळ्या पानांचे काय करावे, हे आता सविस्तर पाहू.

चुन्याचे प्रकार

बाजारात ‘चुना’ या एकाच नावाखाली चार वेगळ्या वस्तू मिळतात.

पहिली चुनखडी. हा खाणीतला दगड. त्याची बारीक पूड करून शेतात टाकतात. ती सौम्य असते आणि हळूहळू काम करते.

दुसरा कळीचा चुना. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला वायू निघून जातो आणि ढेकळे उरतात. त्यांच्यावर पाणी पडले की ती उकळतात आणि फुटतात.

तिसरा विरलेला चुना, म्हणजे कळीच्या चुन्यावर पाणी टाकून केलेला. भिंतीला लावतात तो हाच.

चौथे डोलोमाइट. यात चुन्याबरोबर मॅग्नेशियमही असते.

या चारही वस्तू मातीचे आम्ल मारतात, पण त्यांचा जोर सारखा नसतो. शुद्ध माल धरला तर १०० किलो चुनखडी जे काम करते, तेच काम ७४ किलो विरलेला चुना करतो आणि ५६ किलो कळीचा चुना करतो. म्हणून ‘एक मूठ चुना टाका’ या सल्ल्याला अर्थ नाही. कोणत्या चुन्याची मूठ, हे सांगितलेच पाहिजे. मैदान आखायची फक्की आणून झाडाला घालणारेही काही जण आहेत. फक्की म्हणून काय विकले जाते याचा भरवसा नसतो. ती बागेत नकोच.

आपल्या मातीत चुना आला कोठून?

मातीचे आम्ल किंवा विम्ल सामू या मापाने मोजतात. त्यालाच प्रयोगशाळेत पीएच म्हणतात. ७ म्हणजे मध्य. त्याखाली आम्लधर्मी, त्यावर विम्लधर्मी. या मापाची एक पायरी म्हणजे दहा पटींचा फरक, हे लक्षात ठेवावे. ८ सामूची माती ७ पेक्षा थोडीशी नव्हे, दहा पट विम्ल असते. बहुतेक भाजीपाला आणि फुलझाडे ६.५ ते ७.५ या दरम्यान खूश असतात. मराठवाड्याच्या काळ्या मातीचा सामू मात्र साधारणपणे ७.५ ते ८.५ सापडतो.

आपली माती काळ्या बेसाल्ट खडकापासून झाली आहे. या खडकात चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, भरपूर असतो. कोकणातही खडक तोच आहे, पण तिथे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो पाऊस हजारो वर्षे मातीतला चुना धुऊन नेत राहिला. मागे लोह उरले, म्हणून तिथली जांभ्याची माती लाल आणि आम्लधर्मी आहे. आपल्याकडे लातूरला पाऊस आठशे मिलिमीटरच्या आसपास आणि नांदेडला त्याहून थोडा जास्त. एवढ्या पावसाने चुना धुऊन जात नाही. तो थोडा खाली उतरतो आणि उन्हाळ्यात तिथेच साचतो. विहीर किंवा पाया खणताना काळ्या मातीखाली पांढरे गाठीसारखे खडे लागतात ते सर्वांनी पाहिले असतील. तीच चुनखडी. जुन्या काळी असे खडे भाजून बांधकामाचा चुना काढत.

नांदेडला गोदावरीच्या काठी काळी माती खोल आहे. लातूर बालाघाटच्या पठारावर, तिथे पुष्कळ ठिकाणी वीतभर मातीखाली मुरूम लागतो. शहरात आणखी एक गोष्ट होते. घर बांधल्यावर उरलेला सिमेंटचा आणि पडलेल्या चुन्याचा राडारोडा अंगणातच पसरतो आणि त्यावर दोन ट्रॉली माती टाकून बाग केली जाते. म्हणजे चुन्यावर चुना.

घरच्या घरी परीक्षा

आठवी-नववीच्या मुलांना आम्ही एक प्रयोग करायला सांगतो. तो घरी मुलांबरोबर जरूर करावा. अंगणातली चमचाभर माती उन्हात पूर्ण वाळवून बारीक करावी. ती काचेच्या वाटीत घेऊन तिच्यावर दोन चमचे पांढरा सिरका ओतावा आणि वाटी कानाजवळ धरावी. चुरचुर असा आवाज आला, बुडबुडे दिसले, तर मातीत मोकळी चुनखडी आहे. आवाज जितका जोराचा तितकी चुनखडी जास्त. पांढरा खडा सापडला तर त्याच्यावर सिरका टाकून पाहा, मुलांना गंमत वाटेल. संडास धुण्याचे ॲसिड मात्र या प्रयोगाला वापरू नये.

चुरचुर झाली की प्रश्न मिटला. त्या मातीत चुना, डोलोमाइट, राख, अंड्यांची टरफले यांपैकी काही घालायचे कारण नाही. अंड्याचे टरफल म्हणजे जवळपास सगळी चुनखडीच. विम्ल मातीत ते विरघळत नाही, वर्षानुवर्षे तसेच राहते. चुलीची राखही मातीला आणखी विम्ल करते. टरफले आणि राख घालून खत दिल्याचे समाधान मिळते, झाडाला काही मिळत नाही.

चुरचुर झाली नाही तर चुना कमी आहे असा अर्थ मात्र काढू नये. एवढेच कळते की मोकळी चुनखडी फारशी नाही. पुढचे प्रयोगशाळाच सांगेल.

पाने पिवळी का पडतात?

आता लिंबाकडे येऊ. मोगरा, जास्वंद, अनंत, गुलाब यांनाही हेच लागू आहे.

पिवळे पान हातात घेऊन नीट पाहावे. फांदीच्या टोकाची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या, जणू पिवळ्या कापडावर हिरवी जाळी, असे दिसले तर ती लोहाची कमतरता. खालची जुनी पाने आधी सगळीच फिकट पडत असतील तर बहुधा नत्र कमी आहे. दोन्ही पिवळेच, पण इलाज निराळे.

गंमत अशी की आपल्या मातीत लोह कमी नाही. पण सामू वाढला की लोह मातीत असे बांधले जाते की मुळाला ते घेता येत नाही. भरल्या कोठारासमोर उपाशी बसावे तशी झाडाची अवस्था होते. अशा झाडाला चुना घातला तर कोठाराला आणखी एक कुलूप लागते. दुकानदाराच्या सल्ल्याने लिंबू का सुधारत नाही, याचे उत्तर हे आहे.

दुसरे कारण पाणी. काळी माती पाणी धरून ठेवते. रोज पाणी दिले तर मुळांना हवा मिळत नाही आणि चुनखडीच्या मातीत लोहाची अडचण आणखी वाढते. पुष्कळदा एक पैसा न खर्चता, फक्त पाण्याची पाळी लांबवून, नवी पालवी हिरवी येते. दोन इंच माती उकरून बोट घालावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये.

मग काय घालावे?

सर्वांत आधी कुजलेले शेणखत किंवा घरचे कंपोस्ट. ते कुजताना सौम्य आम्ले तयार होतात, मुळांजवळचे लोह मोकळे होते आणि काळी माती भुसभुशीत होते. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या तोंडाशी आणि दिवाळीच्या सुमाराला, प्रत्येक झाडाला घमेलेभर द्यावे.

पिवळेपणा जास्त असेल तर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून ऊन उतरल्यावर पानांवर फवारावे. दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन फवारण्या कराव्यात. द्रावण त्याच दिवशी वापरावे. खडे हिरवट असावेत, तपकिरी पडलेले घेऊ नयेत. फरशीवर आणि कपड्यांवर याचे गंजासारखे डाग पडतात, सांभाळावे. नुसते हिराकस मातीत टाकले तर तेही बांधले जाते. टाकायचेच असेल तर शेणखतात मिसळून टाकावे. दुकानात चिलेटेड लोह मिळते, त्याच्या पाकिटावरचे नाव वाचावे. ‘ईडीटीए’ असलेले फवारणीला चालते, पण चुनखडीच्या मातीत ते टिकत नाही. मातीतून द्यायचे तर ‘ईडीडीएचए’ असलेले घ्यावे. ते महाग असते.

गंधक घालून सामू उतरवावा असेही सांगितले जाते. गंधकाचे मातीतले जिवाणू हळूहळू आम्ल करतात, ही गोष्ट खरी. पण थोडे गणित करू. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर खोल मातीचे वजन साधारण २०० किलो भरते. तिच्यात ५ टक्के चुनखडी असेल तर ती झाली १० किलो. एक किलो गंधक सुमारे तीन किलो चुनखडी मारते. म्हणजे एका चौरस मीटरला तीन किलोहून जास्त गंधक लागेल! दहा चौरस मीटरच्या छोट्या बागेला ३० किलो. म्हणून चुनखडीच्या मातीशी अशी लढाई करू नये. गंधक द्यायचेच तर मूठभर, झाडाच्या मुळाशी, शेणखतासोबत.

त्यापेक्षा आपल्या मातीला मानवणारी झाडे निवडणे शहाणपणाचे. डाळिंब, अंजीर, सीताफळ, बोर, खजूर, मेंदी ही झाडे चुनखडी बऱ्यापैकी सोसतात. बालाघाटाच्या डोंगरात सीताफळ माणसाची मदत न घेता वाढते ते उगाच नाही. लिंबू किंवा मोसंबी लावायची तर रंगपूर खुंटावर बांधलेले कलम मागावे. मोगरा, अनंत यांची हौस असेल तर त्यांना कुंडीत ठेवावे. एक भाग माती, एक भाग कुजलेले खत आणि एक भाग कोकोपीट, हे मिश्रण त्यांना मानवते.

जिप्सम हा चुना नव्हे

जिप्समही पांढरे, पोत्यात मिळणारे, म्हणून लोक त्याला चुन्यातच मोजतात. जिप्सममध्ये कॅल्शियम आहे, पण ते सामू वाढवत नाही. त्याचा उपयोग चोपण जमिनीला. चोपण म्हणजे जिच्यात सोडियम जास्त झाला आहे अशी जमीन. ओली असता चिकट गारा, वाळली की दगड, वर पाणी साचून राहते, सामू ८.५ च्या वर. जिप्समचे कॅल्शियम सोडियमला हुसकावून लावते. मग चांगले पाणी देऊन तो सोडियम मुळांखाली धुऊन काढावा लागतो. पाण्याला निचरा नसेल तर जिप्सम घालून फायदा नाही. चुनखडीच्या मातीतही कॅल्शियम असते, मग वेगळे जिप्सम कशाला, असा प्रश्न पडेल. चुनखडी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, जिप्सम एका लिटरला दोन ग्रॅमहून अधिक विरघळते. कामाला येते ते विरघळलेलेच.

पाण्यातून येणारा चुना

लातूरकरांना पाण्याची किंमत सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले हे शहर आहे. त्यामुळे घराघरांत शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे पाणी साठवून झाडांना घालतात. हेतू चांगला, पण बोअरच्या पाण्यातले सगळे क्षार त्या पाण्यात गोळा झालेले असतात. ते फरशी धुण्याला आणि संडासात वापरावे, कुंड्यांना देऊ नये. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसू लागला की समजावे, क्षार साचले.

बोअरचे पाणी चहाच्या भांड्यात पांढरा थर सोडते, तोच थर मातीतही बसतो. पावसाचे पाणी छतावरून पिंपात धरता आले तर त्यासारखे औषध नाही. वातानुकूलन यंत्राचे टपकणारे पाणी कुंड्यांना उत्तम. वजूच्या पाण्यात साबण नसतो, तेही बागेला चालते. मशिदीच्या आवारात चार झाडे असतील तर वजूखान्याचे पाणी तिकडे वळवण्याला फार खर्च येत नाही.

कोकणातल्या वाचकांसाठी

रत्नागिरी, दापोली, श्रीवर्धनकडच्या वाचकांना वरचे सगळे उलट लागू होते. तिथल्या आम्लधर्मी मातीला चुना खरोखर लागतो. त्यांनी कळीच्या चुन्याच्या वाटेला जाऊ नये. बारीक दळलेली चुनखडी घ्यावी. मातीच्या अहवालात मॅग्नेशियम कमी आले तर डोलोमाइट. पूड जितकी बारीक तितका परिणाम लवकर. अहवालात प्रमाण हेक्टरी टनांत असते. हेक्टरी १ टन म्हणजे चौरस मीटरला १०० ग्रॅम, असा हिशेब करावा. पेरणीआधी दोन-तीन आठवडे मातीत मिसळावा. शेणखत किंवा युरिया त्याच दिवशी देऊ नये, नाहीतर त्यातले नत्र उडून जाते. कोकणातून मराठवाड्यात किंवा मराठवाड्यातून कोकणात नातेवाइकांना बागेचे सल्ले देताना हा फरक ध्यानात असू द्या.

मराठवाड्यात चुन्याची जागा

आपल्याकडे चुना मातीत नको, खोडावर मात्र हवा. लिंबू-मोसंबीच्या खोडातून डिंक गळतो, त्यासाठी बोर्डो पेस्ट लावतात. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात प्लास्टिकच्या भांड्यात विरघळवावे. १०० ग्रॅम कळीचा चुना मातीच्या भांड्यात थोडे थोडे पाणी घालून विरवावा आणि निवल्यावर त्याचेही अर्धा लिटर करावे. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळावे. लोखंडी खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर आला तर आणखी थोडा चुना घालावा. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत लावावी. त्याच दिवशी संपवावी.

हे काम करताना मुलांना दूर ठेवावे आणि डोळ्यांना चष्मा लावावा. चुना डोळ्यात गेला तर तो बुबुळ जाळत आत जातो. कायमची दृष्टी जाऊ शकते. हे बागेपुरतेच नाही. पान-तंबाखूच्या चुन्याची पुडी घरात पडलेली असते, मूल ती दाबते, ती फुटते आणि चुना सरळ डोळ्यात उडतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे अशी मुले येत असतात.

असे झाले तर एक क्षणही न दवडता पापण्या उघड्या धरून नळाच्या स्वच्छ पाण्याने डोळा निदान वीस-तीस मिनिटे सतत धुवावा. चुन्याचा कण दिसला तर ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने काढावा. दूध, तूप, गुलाबपाणी, सुरमा यांतले काहीही घालू नये. डोळा चोळू देऊ नये. धुतल्यावर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. आधी धुणे, मग दवाखाना, हा क्रम घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा.

मातीची तपासणी

सिरक्याने चुनखडी कळते, बाकीचे प्रयोगशाळेत कळते. बागेतल्या पाच-सहा जागी इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचे वीतभर खोल खड्डे करून कडेची माती खुरप्याने काढावी. खत टाकलेली जागा, झाडाचा बुंधा आणि भिंतीलगतची जागा सोडावी. सगळी माती एकत्र करून सावलीत वाळवावी. तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत. अर्धा किलो उरेपर्यंत असेच करावे. कापडी पिशवीत भरून नाव, पत्ता आणि काय लावायचे आहे याची चिठ्ठी घालावी. जिल्ह्याच्या मृदा चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठही आपल्याला जवळ आहे.

एक सूचना. २०१५ पासून शेतकऱ्यांना मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा तपासण्या असतात. त्यांत सामू आहे, लोह आहे, जस्त आहे, पण मोकळ्या चुनखडीचे प्रमाण त्या बारांत नाही. म्हणून नमुना देतानाच ‘मुक्त चुना किती टक्के, तेही सांगा’ असे विचारावे. आपल्या भागात सर्वांत उपयोगाचा आकडा तोच आहे.

तेव्हा लातूरच्या भगिनींनी चुन्याचे पैसे वाचवावेत. आधी सिरक्याची परीक्षा, मग पाण्याची पाळी लांबवणे, घमेलेभर खत आणि गरज पडली तरच हिराकसाची फवारणी. जुनी पिवळी पाने कदाचित पुन्हा हिरवी होणार नाहीत, त्यांच्याकडे पाहू नये. नव्या पालवीकडे पाहावे. ती हिरवी आली की काम झाले.

पुढच्या अंकात इन्शाअल्लाह उन्हाळ्यात गच्चीवरच्या कुंड्या कशा जगवाव्यात याविषयी लिहू. वाचकांनी आपले प्रश्न पाठवताना गाव, पाणी नळाचे की बोअरचे, आणि सिरक्याच्या परीक्षेचा निकाल एवढे जरूर कळवावे, म्हणजे उत्तर नेमके देता येईल.